बोरसे सरांच्या डिक्शनरीची कातरण

मला इंग्रजी येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे इंग्रजी शब्द वाचून कुणाला वाटायचं की म्हातारा भाव खातोय. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. ए बी सी डी मात्र मला झोपेतून उठवून विचारा, उलटीसुद्धा म्हणून दाखवीन. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत मी चव्वेचाळीस वर्षं पुस्तकं बांधली आणि त्यात सगळ्यात जास्त डिक्शनऱ्या बांधल्या. पानं सुटलेली डिक्शनरी परत लावायची तर अक्षरांचा क्रम पाठ पाहिजे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन शब्द छापलेले असतात, त्या पानावरचा पहिला आणि शेवटचा. ते बघत बघत आम्ही पानं लावतो. असे हजारो शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले. स्पेलिंग ओळखीचं झालं, अर्थ कशाचाच कळला नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या माणसाला रोज सलाम करावा आणि त्याचं नाव ठाऊक नसावं, तसं.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, चाचा, धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या आधी सांगतो. पण लिहायला बसलो ते गमतींसाठी नाही.

बाइंडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चांगल्या पुस्तकाची पानं सुटी नसतात. मोठा कागद घड्या घालून आठ-सोळा पानांचा एक जुडगा करतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक ठेवून पाठीकडून दोऱ्याने शिवायचे, ही जुजबंदी. मग पाठीला खळ, त्यावर मलमलीची पट्टी, पुढे-मागे अस्तराचा कोरा कागद, पुठ्ठा आणि वरून रेक्झिन किंवा कापड. पुठ्ठा लावायच्या आधी कटिंग मशीनवर तीन बाजू कापायच्या, वरची, खालची आणि पुढची. पुन्हा शिवलेल्या पुस्तकाच्या कडा कधीच एका रेषेत येत नाहीत. काही पानं आत दबतात, काही बाहेर डोकावतात. कापल्यावर कड अशी गुळगुळीत होते की हात फिरवत बसावं. गिऱ्हाईक शिलाई बघत नाही. ते त्या कडेवरून अंगठा फिरवतं आणि खूश होतं. कड न कापता पुस्तक परत देणं म्हणजे शिंप्याने बटणं न लावता शर्ट देण्यासारखं आहे.

अब्बांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "किताब पढने नहीं बैठना. नापना." वाचत बसलास तर दिवसभरात एक पुस्तक हातावेगळं होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते आयुष्यभर पाळलं. लोक म्हणायचे, रशीदभाई, एवढी पुस्तकं हाताखालून गेली, काही वाचलंत की नाही? मी म्हणायचो, एक ओळ वाचली नाही, पण लांबी-रुंदी विचारा. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

जळगावचे एक शेठ होते. घराणं मूळचं राजस्थानचं, कापडाचा मोठा व्यापार. त्यांनी बंगला बांधला आणि दिवाणखान्यात भिंतभर काचेचं कपाट केलं. ते भरायला कुठूनतरी जुन्या इंग्रजी डिक्शनऱ्या गोळा केल्या आणि एक दिवस टेम्पो भरून माझ्या दारात आणून टाकल्या. मला म्हणाले, "भाऊ, सगळ्यांची उंची एक करून द्या."

मी म्हटलं, "शेठजी, तसं कापलं तर आतली अक्षरं जातील."

"आत कोण बघतंय?"

मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी पुठ्ठे सगळे एका उंचीचे कापले आणि आतली पुस्तकं होती तशीच ठेवली. लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी आकडे. कपाटात ठेवली तर पोलिसांची परेड उभी असल्यासारखी दिसत. शेठजींनी मला पेढे दिले. आत एकही अक्षर कापलं गेलं नाही, ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं जो भेटेल त्याला सांगत होतो. आता सांगताना जीभ अडखळते.

दुसरे जळगावचेच एक म्हातारे वकील. ते कायद्याची जुनी डिक्शनरी घेऊन आले तेव्हा माझ्या डाव्या हाताला पट्टी होती. त्याच महिन्यात मशीनने पहिल्या बोटाचं टोक नेलं होतं. वकीलसाहेबांनी पट्टी बघितली, स्टुलावर बसले आणि डिक्शनरी उघडून एक शब्द काढला, डिओडँड. म्हणाले, "जुन्या काळी इंग्लंडात एखाद्या वस्तूने माणूस मेला, गाडीचं चाक म्हणा, लाथाळ घोडा म्हणा, की ती वस्तू देवाच्या नावाने सरकारजमा व्हायची. गुन्हा वस्तूचा."

मी विचारलं, "आणि माणूस मेला नाही, नुसतं बोटच गेलं तर?"

"मग मशीन तुझ्याच गळ्यात."

दोघंही हसलो. गुन्हा वस्तूचा, हे मला भलतंच आवडलं. त्यानंतर दुकानात काहीही बिघडलं की मी मशीनकडे बोट दाखवायचो, तेही अर्ध्या बोटाने.

आता बोरसे सर. पारोळ्याच्या हायस्कुलात ते इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर धुळ्याला देवपुरात राहायला आले. त्याआधीपासून माझ्याकडे यायचे. कुठे रद्दीत जुनी डिक्शनरी दिसली की सर ती उचलणार आणि एस. टी. पकडून माझ्याकडे आणणार. काम देऊन परत जाणं त्यांना जमायचं नाही. मी शिवत असायचो आणि ते स्टुलावर बसून तीच डिक्शनरी वाचत असायचे. मध्येच विचारायचे, "रशीदभाऊ, मांजर झोपून उठलं की काय करतं?"

"आळोखेपिळोखे देतं."

"साहेब त्याला म्हणतो पँडिक्युलेशन."

एकदा त्यांना एक शब्द सापडला, नडियसटर्शियन. अर्थ काय, तर परवाच्या दिवसाचा. सर हसून हसून लाल झाले. म्हणाले, "अहो, आपण परवा म्हणून मोकळे होतो. साहेबाचं म्हणून होईस्तोवर आणखी एक दिवस उजाडायचा!" एवढ्या मोठ्या माणसाला एका शब्दाने असं लहान पोरासारखं खूश होताना मी दुसऱ्या कुणाला बघितलं नाही. माझा त्यांच्यावर जीव होता.

त्यांची एक डिक्शनरी मात्र वेगळी होती. विटेएवढी जाड, कडेला प्रत्येक अक्षरासाठी अंगठा घालायच्या खाचा केलेली, इंग्लंडात छापलेली. तिच्यात शेताशिवारातले जुने इंग्रजी शब्द फार होते. ग्लीन म्हणजे शेत कापून नेल्यावर खाली पडलेली कणसं वेचणं. स्नॅथ म्हणजे लांब दांड्याच्या विळ्याची मूठ-दांडी. थ्रेव म्हणजे चोवीस पेंढ्या. सरांनी मला दाखवलं होतं, अशा शब्दांपुढे एक बारीक खूण छापलेली असते. हा शब्द आता कुणी बोलत नाही, असा तिचा अर्थ. "मशीन आलं, विळा गेला. विळा गेला, त्याच्या मुठीचा शब्द गेला. तिकडे होऊन गेलं ते आता आपल्याकडे चाललंय. सरवा वेचणं आमच्या घरातल्या नातवंडांना माहीत नाही, रशीदभाऊ."

म्हणून सरांनी एक काम काढलं होतं. त्या डिक्शनरीच्या समासात, प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या शेजारी, ते निळ्या शाईने आपल्या भागातला शब्द लिहायचे. ग्लीनशेजारी सरवा. रटून म्हणजे कापलेल्या झाडाच्या बुंध्यातून येणारं दुसरं पीक, त्याच्याशेजारी पिलबाग. आणि शब्दाच्या पुढे, अगदी पानाच्या कडेला, तो ज्याने सांगितला त्याचं नाव आणि गाव. तुळसाअक्का, पारोळा. केळीच्या बागेत काम करणारी यावलची कुणी बाई. चाळीसगावच्या स्टेशनवर भेटलेला कुणी गाडीवान. सरांची आई गेल्यावर ते एकदा ती पानं उलटत मला अहिराणीत म्हणाले होते, "या मनी मायना तोंडना शब्द शेतस." म्हणजे, हे माझ्या आईच्या तोंडचे शब्द आहेत. तीस-बत्तीस वर्षं हे चाललं होतं. मजुरांची नावं लिहिलेली अशी डिक्शनरी आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही.

टाळेबंदी संपली त्यानंतरच्या वर्षी सर ती डिक्शनरी टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. बरोबर त्यांची मुलगी मंदाताई होत्या. त्या चाळीसगावला शिक्षिका. सर फार वाळले होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, तुमचं नाव काय म्हणालात? मला वाटलं थट्टा करताहेत. मंदाताईंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "काका, बाबांची स्मृती जात चालली आहे. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दोन वर्षं हाताशी आहेत."

जळगावच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्या समासातल्या शब्दांचं पुस्तक करायचं ठरवलं होतं. सर त्यांच्याबरोबर बसून एकेक शब्द समजावून सांगणार होते, जमेल तोवर. पण डिक्शनरीची शिलाई पार गेली होती. पानं उचलली की कोपरे गळून पडायचे. अशा सुट्या पानांचे फोटो काढत बसलो तर पानं मागेपुढे होतील आणि चुराही होईल, आधी बांधून आणा, असं प्राध्यापकांनी सांगितलं होतं. थोडक्यात, सरांच्या डोक्यातून जे जात होतं ते आता फक्त त्या पुस्तकात होतं आणि ते पुस्तक माझ्या हातात दिलं जात होतं.

सर पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "रशीदभाऊ, कडा कापजो नको. कडले लोकस्ना नावं शेतस."

मी म्हटलं, "सर, तुमच्या पुस्तकाला मी मशीन दाखवणारसुद्धा नाही."

मी चिठ्ठी लिहिली, कापणे नाही, आणि पुस्तकाला टाचणीने लावली.

तीन आठवडे मी तेच काम केलं. दुसरी कामं परत पाठवली. फाटलेल्या पानांना पातळ कागदाची ठिगळं लावली, फर्मा न् फर्मा नव्याने शिवला. शिलाई मी आयुष्यात इतकी चांगली कधी केली नव्हती. शिकंज्यातून, म्हणजे दाबायच्या चापातून, पुस्तक बाहेर काढलं तेव्हा पाठ अशी गोल आली होती की अब्बांना दाखवावीशी वाटली. पण पुढची कड मात्र दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसत होती. जुनी फाटकी पानं, वर नवीन दोरा भरल्याने फुगलेली पाठ, त्यामुळे पानं खालीवर झाली होती.

चार दिवस ते पुस्तक माझ्यासमोर होतं. जेवताना बघायचो, चहा पिताना बघायचो. हे पुस्तक प्राध्यापक लोक हातात घेणार. कुणी बांधलं म्हणून विचारणार. ही कड बघून काय म्हणतील? जे खरं आहे ते लिहितो, मला सरांची काळजी नव्हती तेव्हा. मला माझ्या कामाची लाज वाटत होती.

मी पट्टी घेतली आणि दहा-बारा जागी पुस्तक उघडून लिहिलेलं कडेपासून किती आत आहे ते मोजलं. कुठे तीन सूत, कुठे चार सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मनाशी म्हटलं, दोन सूत कापू. नावांना धक्का लागत नाही आणि कड साफ होते.

यात चूक कुठे झाली ते बाइंडरच सांगू शकेल. पुस्तक उघडताना आमचा हात आपोआप फर्म्याच्या पहिल्या पानावर जातो, तिथे शिलाईची फट असते. मी मोजली ती सगळी पानं फर्म्याची बाहेरची होती. घडीच्या आत असलेली पानं बाहेर ढकललेली असतात. ती कापताना जास्त जातात. हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे. शिवाय मी मोजलं, वाचलं नाही. वाचलं असतं तर दिसलं असतं की अलीकडच्या वर्षांत सरांचं अक्षर मोठं आणि थरथरतं झालं होतं आणि कडेपर्यंत गेलं होतं.

दुपारी माझी बायको नसीम डबा घेऊन आली. मी चिठ्ठी काढून पुस्तक मशीनवर लावत होतो. ती म्हणाली, "सर ने मना किया था ना?"

"दो सूत से क्या होता है," मी म्हटलं आणि चाक फिरवलं.

पातं उतरलं. कड उघडली आणि मी तिच्यावरून अंगठा फिरवला. इतकी सुंदर कड मी क्वचितच कापली असेल. मी घटकाभर खूश होतो, हेही लिहून ठेवतो. नसीमने खाली पडलेली कातरण उचलली आणि उजेडात धरली. "इस पे तो स्याही है," ती म्हणाली.

मी पुस्तक उघडलं. तुळसाअक्काची नुसती तुळसा राहिली होती. पुढच्या पानावर सांगणाऱ्याचं नाव पूर्ण गेलं होतं. त्यापुढे शब्दच मधून तुटला होता. रटूनशेजारी पिल उरलं होतं, बाग गेली होती आणि यावलची ती बाईही गेली होती. मी शेवटपर्यंत बघत गेलो. फर्म्यामागून फर्मा तेच. काही पानं वाचली होती, पण फार नाही.

कातरण जोडून बघावी म्हणून आम्ही दोघं आठ दिवस बसलो. दोऱ्याएवढ्या हजारो पट्ट्या आणि प्रत्येकीवर एक निळा ठिपका किंवा एखादी वेलांटी. त्यात वरचा पंखा चालू होता आणि त्याच टोपल्यात सकाळच्या रजिस्टरांची कातरण पडलेली होती. चिमट्याने उचलून उचलून आम्ही अकरा जागा जुळवल्या. मग नसीमने चिमटा ठेवला आणि म्हणाली, जाके बोल दो.

मी सांगणारच होतो. मंदाताईंचा फोन आला, "झालं का काका?" मी म्हटलं, झालं, घेऊन जा. फोनवर कसं सांगायचं, समोर आले की सांगू, असा विचार केला. सर आले. मंदाताई समोरच्या दुकानात त्यांची औषधं घ्यायला गेल्या. दुकानात सर आणि मी दोघंच होतो. सरांनी पुस्तक हातात घेतलं, कडेवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "वा!" मग उघडलं.

ते एका पानाकडे फार वेळ बघत राहिले. दुसरं उलटलं. मग मान वर न करता म्हणाले, "रशीदभाऊ, हाई काय शे? मीच अर्धं लिखेल दिसस."

सरांनी आणखी पाच-सहा पानं उलटली. त्यांना कड कापल्याची शंकाही आली नाही, कारण मी कापणार नाही असं सांगितलं होतं आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांच्या नेमकी लक्षात राहावी!

"बठ्ठं अर्धं शे," ते म्हणाले. "कवयपासून व्हई ऱ्हायनं हाई मले?" सगळंच अर्धं आहे, हे मला कधीपासून होतंय, असं ते विचारत होते. मला विचारत होते.

मी म्हणालो, "सर, वयोमानाने होतं असं."

मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की गुन्हा मशीनचा असतो. हे वाक्य मशीनने म्हटलेलं नव्हतं. तेवढ्यात मंदाताई आल्या. सरांनी पुस्तक घाईघाईने मिटलं, पोराने परीक्षेचा पेपर लपवावा तसं छातीशी धरलं आणि ते रिक्षात जाऊन बसले.

त्यानंतर सर प्राध्यापकांकडे गेले नाहीत. अर्धवट काम छापायचं नाही, म्हणाले. मंदाताईंना वाटलं, आजारामुळे हट्टी झाले असतील. ही बातमी मला ओळखीच्या एका मास्तरांकडून कळली. मी त्या दिवशीसुद्धा गेलो नाही. देवपुराच्या रस्त्याने दोनदा गेलो, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि परत आलो. दहा महिने असे गेले. नसीम माझ्याशी कामापुरतं बोलायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

मग कळलं की सर आता कुणाला ओळखत नाहीत. तेव्हा मी गेलो. का गेलो हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ओळखत नाहीत म्हणून हिंमत झाली असणार. कातरणीची पिशवी बरोबर घेतली होती. मंदाताई रजा काढून घरीच होत्या. सर खिडकीपाशी खुर्चीत, कानाला मफलर गुंडाळून बसले होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मोजलं कसं, कापलं कसं आणि नंतर काय बोललो ते. सरांनी वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलीला विचारलं, "कोन शे हाऊ?" आणि माझ्या हातावर हात थोपटत म्हणाले, "व्हई जास, भाऊ. व्हई जास." होऊन जातं असं.

मला रडू फुटलं. पण ती माफी नव्हती. काय माफ केलं हेच त्यांना माहीत नव्हतं.

मंदाताई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. आत जाऊन डिक्शनरी घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर उघडून ठेवली. मी लावलेला अस्तराचा कोरा कागद होता, त्यावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: या कोशातील बरेच शब्द मी अपुरे लिहिले. ज्यांनी शब्द दिले त्यांची नावेही लिहायची राहून गेली. त्या सर्वांची क्षमा मागतो.

"हे त्यांनी लिहिलेलं शेवटचं," त्या म्हणाल्या. "यानंतर त्यांनी पेन धरलं नाही. त्याआधी सहा महिने रोज सकाळी हे उघडून बसायचे आणि शब्द पूर्ण करायला बघायचे. आठवलं नाही की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचे, काका. खरंच मारून घ्यायचे. मी हात धरून ठेवायची. त्यांच्यात तेव्हा समज होती. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर ते तुमच्यावर चिडले असते आणि पुन्हा लिहायला बसले असते. निम्मे तरी आठवले असते त्यांना तेव्हा."

मी म्हणालो, "ताई, हे पान मी काढून देतो. अस्तराचाच कागद आहे. दहा मिनिटांचं काम. नवीन कोरा लावला तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अजूनही कापायचंच सुचतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या आणि पुस्तक माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

सर चैत्रात गेले. मी मातीला गेलो होतो, मागेच उभा राहिलो. निघताना मंदाताई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, शब्द उरलेत तेवढ्यांचं पुस्तक ते प्राध्यापक करणार आहेत, आणि बाबांनी लिहिलेलं पहिलं पान तसंच छापणार आहेत. ते त्यांचं अक्षर आहे, मी ते काढू देणार नाही. पण तुम्ही लिहा. लोक वाचतील अशा ठिकाणी, तुमच्या नावाने लिहा.

म्हणून हे लिहिलं. ते पुस्तक निघेल तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या तरी हातात पडेल आणि पहिल्याच पानावर एक म्हातारा मास्तर तुमची क्षमा मागताना दिसेल. बोरसे सरांनी एकही शब्द अपुरा लिहिला नव्हता. तुळसाअक्काचं, त्या गाडीवानाचं, यावलच्या त्या बाईचं, एकाचंही नाव लिहायचं राहिलं नव्हतं. ते मी कापलं, आणि त्यांना सांगितलं की वय झालं.